आळशी डोळा: मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष का करतो?

शाळेच्या नेत्रतपासणीत कधी कधी असे आढळते की मूल एका डोळ्याने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचते, पण तो डोळा झाकला की दुसऱ्या डोळ्याने त्याला वरच्या एक-दोन ओळींपुढे जाता येत नाही. त्या डोळ्यासमोर योग्य नंबरची काच धरली तरी अक्षरे पूर्ण स्पष्ट होत नाहीत. डॉक्टर डोळा आतून-बाहेरून तपासतात. बुबुळ स्वच्छ असते, भिंग स्वच्छ असते आणि मागचा पडदा, म्हणजे रेटिना, निरोगी असतो. तरीही दिसते कमी.

या स्थितीला लेझी आय किंवा आळशी डोळा म्हणतात. तिचे वैद्यकीय नाव अँब्लिओपिया. मराठीत मंददृष्टी हा शब्दही वापरला जातो. वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांनुसार साधारणपणे १०० पैकी १ ते ४ जणांना ती असते. लहान मुलांमध्ये एका डोळ्याची नजर कमी असण्याचे हे सर्वात सामान्य कारण आहे.

‘आळशी डोळा’ हे नाव मात्र दिशाभूल करते. हा डोळा आळस करत नाही. तो प्रकाश घेतो, त्याचे विद्युत संदेशांत रूपांतर करतो आणि ते पुढे पाठवतो. अडचण पुढे, मेंदूत असते. बालपणी मेंदूची जडणघडण होत असताना या डोळ्याकडून त्याला नीट चित्र मिळालेले नसते, त्यामुळे त्या डोळ्याचे संदेश वाचायला मेंदू पुरेसा शिकलेलाच नसतो. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचे प्रश्न सुटत जातात: नुसत्या चष्म्याने नजर का येत नाही, चांगल्या डोळ्यावरच पट्टी का लावतात आणि डॉक्टर वयाची इतकी घाई का करतात.

डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा प्रवास

प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० ते १२ लाख तंतूंचा एक जुडगा निघतो. ही दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तिथे साधारण निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग, मग तो कोणत्याही डोळ्याने पाहिलेला असो, मेंदूच्या डाव्या बाजूला पोचतो आणि डावा अर्धा भाग उजव्या बाजूला.

पुढचा थांबा थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील एका छोट्या केंद्रात असतो. या केंद्रात सहा थर असतात. तीन थर उजव्या डोळ्याचे आणि तीन डाव्या डोळ्याचे. इथपर्यंत दोन्ही डोळ्यांची माहिती वेगवेगळी राहते. इथून संदेश डोक्याच्या मागच्या भागातील प्राथमिक दृष्टी-बाह्यकात जातात. इंग्रजीत याला व्हिज्युअल कॉर्टेक्स म्हणतात. तिथेही सुरुवातीला प्रत्येक डोळ्याचे संदेश आपापल्या पट्ट्यांत उतरतात. उजव्याची एक पट्टी, डाव्याची एक पट्टी, अशी ती रचना असते.

त्यानंतर पहिल्यांदा दोन डोळ्यांचे संदेश एकाच चेतापेशीवर एकत्र येतात. दोन डोळ्यांमध्ये काही सेंटिमीटरचे अंतर असल्याने त्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. त्या फरकावरून मेंदू खोलीचा, म्हणजे कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब याचा, अंदाज काढतो. दोन चित्रांचे एक चित्र करणारी ही जुळणी जन्मतः पूर्ण नसते. जन्मानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत, प्रत्यक्ष पाहता पाहता ती पक्की होते.

मेंदूला चांगले चित्र न मिळण्याची तीन कारणे

*तिरळेपणा.* दोन्ही डोळे एकाच वस्तूकडे रोखलेले नसतील तर मेंदूला दोन वेगळी चित्रे मिळतात. मोठ्या माणसाला अपघातानंतर तिरळेपणा आला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुलाचा मेंदू यावर वेगळा मार्ग काढतो. तो वळलेल्या डोळ्याचे चित्र दडपून टाकतो. मुलाला दुहेरी दिसत नाही, म्हणून ते तक्रार करत नाही. मात्र दडपलेल्या डोळ्याची वाढ तिथेच खुंटते.

*दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक.* समजा, एका डोळ्याचा नंबर अधिक १ आणि दुसऱ्याचा अधिक ४ आहे. जवळचे किंवा लांबचे स्पष्ट पाहण्यासाठी दोन्ही डोळ्यांची भिंगे एकाच वेळी, एकाच प्रमाणात जोर लावतात. मूल कमी नंबरच्या डोळ्याला पुरेल एवढाच जोर लावते. त्यामुळे दुसऱ्या डोळ्यात जवळचे असो वा लांबचे, प्रत्येक चित्र पुसट राहते. डोळे सरळ असतात, मूल धावते, खेळते, टीव्ही पाहते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून हा प्रकार बहुधा उशिरा सापडतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर खूप जास्त असेल आणि चष्मा नसेल, तर दोन्ही डोळ्यांत मंददृष्टी येऊ शकते.

*प्रकाशाची वाटच अडणे.* जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी पडलेली पापणी असेल तर पडद्यावर चित्र उमटतच नाही. हा प्रकार कमी आढळतो, पण सर्वात गंभीर असतो. एका डोळ्यात जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर पहिल्या सुमारे सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. याउलट साठीतल्या माणसाचा मोतीबिंदू काही वर्षे तसाच राहिला, तरी शस्त्रक्रियेनंतर त्याला पुन्हा छान दिसते. अडथळा दोघांचा सारखाच असला तरी साठीतल्या माणसाचा मेंदू पाहायला कधीच शिकून झालेला असतो.

मांजरीच्या पिलांनी दिलेले उत्तर

डोळा निरोगी असूनही दिसत का नाही, याचा उलगडा १९६० च्या दशकात झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या नवजात पिलांची एक पापणी शिवून बंद ठेवली. दोन-तीन महिन्यांनी ती उघडली आणि मेंदूतील एकेका पेशीची प्रतिक्रिया नोंदवली. १९६३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बंद ठेवलेल्या डोळ्याचा पडदा व्यवस्थित काम करत होता. थॅलॅमसमधील त्या डोळ्याच्या पेशी आकाराने लहान झाल्या होत्या, पण प्रतिसाद देत होत्या. दृष्टी-बाह्यकात मात्र चित्र पालटले होते. तिथल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. पुढे माकडांवरील अभ्यासात दिसले की उघड्या डोळ्याच्या पट्ट्या रुंद झाल्या आहेत आणि बंद डोळ्याच्या पट्ट्या आक्रसल्या आहेत. प्रौढ मांजरांवर हाच प्रयोग केला तेव्हा असा कोणताही परिणाम झाला नाही.

आणखी एका निरीक्षणाने कोडे स्पष्ट केले. दोन्ही पापण्या बंद ठेवलेल्या पिलांमध्ये नुकसान जास्त व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक पेशी अजूनही प्रतिसाद देत होत्या. म्हणजे डोळा वापरला न जाणे एवढेच कारण नव्हते. दोन डोळ्यांमध्ये मेंदूतील जागेसाठी स्पर्धा असते आणि एक डोळा दुबळा पडला की दुसरा त्याची जागा घेतो.

१९६५ मध्ये याच दोघांनी पिलांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून कृत्रिम तिरळेपणा निर्माण केला. आता दोन्ही डोळ्यांना चांगले चित्र मिळत होते, फक्त ती चित्रे जुळत नव्हती. एरवी सुमारे ८० टक्के पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. या पिलांमध्ये ते प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. एकत्र उत्तेजित होणारे संदेशच एकत्र जोडले जातात, हे यातून दिसले. या संशोधनासाठी ह्युबेल आणि वीझल यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी रॉजर स्पेरी हे तिसरे मानकरी होते.

मंददृष्टी असलेल्याला नेमके कसे दिसते?

‘एका डोळ्याने पुसट दिसते’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. पुसट चित्र चष्म्याने सुधारते. मंददृष्टीत मेंदूच्या कामातच अनेक ठिकाणी फरक पडलेला असतो.

पहिला फरक म्हणजे *दडपण*. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू कमजोर डोळ्याचा आवाज बंद करतो. त्या डोळ्याचे संदेश पोचत असतात, पण बलवान डोळ्याच्या बाजूने येणारा विरोध त्यांना वर येऊ देत नाही.

दुसरा फरक *अक्षरांच्या गर्दीचा*. या डोळ्यासमोर एकच अक्षर ठेवले तर ते ओळखता येते. तेवढेच मोठे अक्षर ओळीत इतर अक्षरांमध्ये आले की सगळे एकमेकांत मिसळते. म्हणून नेत्रतज्ज्ञ सुट्या अक्षरांऐवजी ओळीने तपासणे पसंत करतात. सुट्या अक्षरांवर मंददृष्टी असलेले मूल प्रत्यक्षापेक्षा चांगले गुण मिळवते आणि दोष निसटू शकतो.

तिसरा फरक *जागेचा अंदाज* चुकण्याचा. विशेषतः तिरळेपणातून आलेल्या मंददृष्टीत रेषा वाकड्या किंवा तुटक भासतात, ठिपके सरकलेले वाटतात. वस्तू आहे हे कळते, पण ती नेमकी कुठे आहे याबद्दल मेंदूची खात्री नसते. विखुरलेल्या तुकड्यांतून एक आकार जोडणे आणि हलत्या ठिपक्यांची दिशा ओळखणे या गोष्टीही अवघड जातात. त्या प्राथमिक दृष्टी-बाह्यकाच्या पुढच्या केंद्रांत होतात, त्यामुळे परिणाम पहिल्या पायरीवर थांबत नाही हे स्पष्ट होते. काही चाचण्यांत तर ‘चांगल्या’ डोळ्यातही बारीक उणिवा सापडतात. दोघांची मिळून होणारी वाढ बिघडली की एकटा डोळाही पूर्ण निर्दोष राहत नाही.

चौथा फरक रोजच्या जगण्यात सर्वात जास्त जाणवतो. तो *खोलीच्या जाणिवेचा*. दोन डोळ्यांची माहिती जुळवणाऱ्या पेशी कमी असल्याने त्रिमितीय दृष्टी कमी असते किंवा नसतेच. सुईत दोरा ओवणे, येणारा चेंडू झेलणे, पेल्यात पाणी ओतणे, अनोळखी जिना उतरणे यांत अडखळायला होते. मेंदू सावल्या, वस्तूंचा आकार, डोके हलवल्यावर होणारा बदल अशा खुणांवर भागवतो, त्यामुळे अनेकांना आपल्यात काही कमी आहे हे कळतही नाही. मंददृष्टी असलेली मुले दोन्ही डोळे उघडे ठेवूनही इतरांपेक्षा सावकाश वाचतात, असे अभ्यासांत दिसले आहे. अशा मुलावर ‘धांदरट’ किंवा ‘अभ्यासात मागे’ असा शिक्का बसू शकतो.

आणि एक धोका आयुष्यभर राहतो. चांगल्या डोळ्याला इजा झाली किंवा आजार झाला, तर उरलेला डोळा त्याची जागा सहज घेऊ शकत नाही.

वयाला इतके महत्त्व का?

बालपणी मेंदूतील जोडण्या सहज बनतात आणि सहज तुटतात. या काळाला निर्णायक काळ म्हणतात. माणसात दृष्टीसाठी तो पहिल्या काही महिन्यांत सर्वात तीव्र असतो आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतो. याच काळात मंददृष्टी जडते आणि याच काळात ती सर्वात चांगली सुधारते.

पुढे मेंदू स्वतःच या लवचीकतेला लगाम घालतो. इतर पेशींना आवर घालणाऱ्या काही चेतापेशी परिपक्व होतात आणि त्यांच्याभोवती प्रथिने व शर्करांची जाळी तयार होते. शिकलेले टिकवण्यासाठी हे गरजेचेच असते. २००२ मध्ये इटलीतील संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूतील ही जाळी विकराच्या साहाय्याने विरघळवली, तेव्हा त्यांचा दृष्टी-बाह्यक पुन्हा काही प्रमाणात बदलू लागला. म्हणजे लवचीकता नाहीशी होत नाही, तिच्यावर ब्रेक लागलेला असतो.

याचा मानवी पुरावा भारतात मिळाला. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, उपचाराविना वाढलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया केल्या जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना, नजर आल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. काही दिवसांतच ती ओळखू लागली. या मुलांची नजर सामान्य माणसाइतकी तीक्ष्ण होत नाही, पण चेहरे, वस्तू, रस्ता समजण्याइतकी प्रगती अनेकांनी केली. उशीर झाला म्हणजे सगळे संपले, असे नाही. उशिराची किंमत मात्र मोजावी लागते.

उपचार: मेंदूला पुन्हा शिकवणे

उपचाराची पहिली पायरी म्हणजे अडथळा दूर करणे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया, नंबर असेल तर चष्मा. मंददृष्टीत चष्मा लावून लगेच पूर्ण दिसत नाही, पण स्पष्ट चित्र रोज मिळत राहिल्याने काही आठवड्यांत मेंदू सुधारू लागतो. नंबरातील फरकामुळे मंददृष्टी आलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांची नजर केवळ चष्म्याने पूर्ववत होते. त्यासाठी चष्मा दिवसभर लावावा लागतो.

दुसरी पायरी चांगल्या डोळ्यावर पट्टी. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांनी १७४३ मध्येच ती सुचवली होती. पट्टीमुळे बलवान डोळ्याची स्पर्धा थांबते आणि मेंदूला कमजोर डोळ्याचेच ऐकावे लागते. पूर्वी पट्टी दिवसभर लावत. अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की मध्यम स्वरूपाच्या मंददृष्टीत रोज २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते. तीव्र मंददृष्टीतही ६ तास पुरतात, दिवसभराची गरज नसते.

पट्टी मूल ओढून काढते, शाळेत चिडवले जाते, घरात रोज रडारड होते. अशा वेळी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब हा पर्याय असतो. या थेंबांनी त्या डोळ्याचे जवळचे दिसणे तात्पुरते पुसट होते. २००२ मधील अभ्यासात सात वर्षांखालील मुलांमध्ये सहा महिन्यांनंतर थेंब आणि पट्टी यांचा फायदा जवळपास सारखाच आढळला.

हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असतात. लहान बाळाच्या चांगल्या डोळ्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ पट्टी राहिली तर त्याच डोळ्यात मंददृष्टी येऊ शकते. उपचार थांबवल्यावर सुमारे पाव मुलांमध्ये वर्षभरात नजर पुन्हा काहीशी घसरते, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवून चालत नाही. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळे सरळ करते, पण मंददृष्टी त्याने आपोआप जात नाही.

नव्या पद्धती दोन्ही डोळ्यांना एकत्र कामाला लावतात. विशेष चष्म्यातून किंवा हेडसेटमधून चांगल्या डोळ्याला फिके आणि कमजोर डोळ्याला ठळक चित्र दाखवतात. दोन्ही जुळवल्याशिवाय खेळ किंवा कार्टून पूर्ण कळत नाही. ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी अशा एका हेडसेटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली.

मोठेपणी काही होऊ शकते का?

२००५ मधील एका मोठ्या अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी उपचार घेणाऱ्या ५३ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. केवळ चष्मा लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. १३ ते १७ वर्षांच्या गटात एकूण फरक दिसला नाही, पण ज्यांच्यावर पूर्वी कधीच उपचार झाले नव्हते त्यांच्यात ४७ टक्के विरुद्ध २० टक्के असा फरक होता. त्यामुळे आठव्या वर्षानंतर काहीच करू नये हा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

प्रौढांमध्ये चांगला डोळा गमावल्यावर कमजोर डोळ्याची नजर काही जणांत आपोआप वाढलेली आढळली आहे. अमेरिकी चेताशास्त्रज्ञ सुझन बॅरी तान्हेपणापासून तिरळ्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना स्वतंत्रपणे चांगले दिसत होते, पण दोन्हींचे मिळून दिसत नव्हते. नेत्रव्यायामांनंतर वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांना पहिल्यांदा त्रिमितीय दिसले. ऑलिव्हर सॅक्स यांच्या २००६ मधील लेखामुळे हे उदाहरण जगभर पोचले. अशी सुधारणा प्रत्येकाला मिळेल, असे मात्र म्हणता येत नाही.

वेळेत ओळखायचे कसे?

या विकाराची मुख्य अडचण म्हणजे मूल सांगत नाही. जन्मापासून जसे दिसते तेच त्याला सर्वसाधारण वाटते. पुढील गोष्टी दिसल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे:

- चार महिन्यांनंतरही डोळा आत किंवा बाहेर वळणे, अधूनमधून असले तरी
- एक डोळा झाकला की बाळ चिडते, दुसरा झाकला की चिडत नाही
- मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून पाहणे
- पापणी बाहुलीवर आलेली असणे
- घरात कोणाला तिरळेपणा, जास्त नंबर किंवा बालपणीचा मोतीबिंदू असणे

फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसली तर थांबू नये. त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातील गाठही असू शकते.

काही घरांत तिरळा डोळा भाग्याचा मानतात, तर काही ठिकाणी ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ असे सांगितले जाते. या दोन्ही समजुतींत उपचाराची सर्वात मोलाची वर्षे निघून जातात.

लक्षण नसले तरी तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान एकदा प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी तपासणी व्हायला हवी. अक्षरे येत नसतील तर चित्रांचे तक्ते असतात. त्याहून लहान मुलांचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालून, काहीही न विचारता काढता येतो. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये आणि तपासणीत मिळालेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू नये, एवढे घरच्यांनी पाहिले तरी अनेक डोळे वाचू शकतात.